कानसेनांचं खोकं

आमच्या घरात माणसं दोन, पण कान एकाचेच. माझे आपले डूल अडकवण्यापुरते. ऐकायचं काम आमच्या ह्यांचं. पंखा करकरतोय की नाही, नळ गळतोय की नाही, माझ्या शिवणयंत्राला तेल हवंय की नाही, ते ह्यांनी सांगायचं आणि मी हो म्हणायचं, असं तीस वर्षं चाललंय. सुरुवातीला मी वाद घालायचे. पण दर वेळी नळ खरंच गळत असायचा, मग वाद घालणार तरी कशाच्या जोरावर?

ह्यांचा धंदाच ऐकण्याचा. नवा सिनेमा हॉल बांधला की स्पीकर आणि यंत्रं बसवणारे वेगळे येतात. सगळं बसून झालं की हे जातात, मधल्या रांगेत डोळे मिटून बसतात आणि हा वाढवा, तो उतरवा असं सांगत राहतात. दोन दिवसांनी ह्यांनी मान हलवली की हॉल लोकांसाठी उघडतो. धंद्यातले लोक ह्यांना कानसेन म्हणतात. मी हॉलचे जाड पडदे शिवते, आमची ओळखही तिथलीच. पडदा दोन बोटं आखूड झाला म्हणून आवाज भिंतीवरून परत येतोय, असं ह्यांनी मला पहिल्याच भेटीत सुनावलं होतं. मी टेप लावून पाहिली. दोन बोटं आखूड होता.

यंदा चार महिने नवा हॉल निघाला नाही. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसं ह्यांनी घरातच हॉल करायचं काढलं. वरच्या मजल्यावर मागची खोली होती, लाकडी फळ्यांच्या जमिनीची. तिथे पडदा टांगला, पाच स्पीकर लावले, चार खुर्च्या मांडल्या. राहिला सबवूफर. सिनेमात पूल कोसळतो, ट्रक अंगावर येतो, तेव्हा जो आवाज कानात कमी आणि पोटात जास्त येतो, त्याचा हा स्पीकर. दुकानातले सगळे ह्यांच्या मते ढोल होते. "खोकं मी कागदावर काढून देतो, तू काप," असं ह्यांनी धाकट्या भावाला सांगितलं.

भाऊजी सुतार. त्यांचा कारखाना आमच्याच घराच्या तळमजल्यावर, त्यामुळे सकाळचा चहा आमच्याकडे आणि भुसा माझ्या पायपुसण्यावर. त्यांनी बोटभर जाडीची फळी कापली, आतून आडवे आधार दिले. सांधे डिंकाने चिकटवून रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवले. हवा बाहेर पडता कामा नये म्हणून दुसऱ्या दिवशी स्पीकर बसवून त्याचा पडदा हलकेच आत दाबला आणि सांध्यांवरून मेणबत्ती फिरवली. ज्योत कुठेच हलली नाही. खोक्याच्या आत किती लिटर हवा मावते ते ह्यांनी तीनदा मोजलं, आधारांची जागा वजा करून. पुढच्या जाळीचं कापड मी शिवलं.

पहिल्यांदा लावला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. बाकीचे स्पीकर बंद ठेवून ह्यांनी नुसत्या सबवूफरवर पूल कोसळतो तो तुकडा लावला, हॉलमध्येही हे तोच लावतात. पूल कोसळला आणि माझ्या पोटातलं जेवण हललं. खिडकीची काच थरथरली. मी खुर्चीचे हात धरले. मनात म्हटलं, जमलं बाई.

हे डोळे मिटून बसले होते. डोळे उघडले तेव्हा कपाळावर आठी होती. तुकडा परत लावला. परत तीच आठी. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कसा वाटतो?"

आता खरं सांगायचं तर मी आवाज आठवलाच नाही. मी आठीकडे बघितलं. ह्यांना कमी वाटलाय, हे त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"थोडा कमीच," मी म्हणाले.

"हो दादा, कमीच आहे," भाऊजींनी लगेच माझी री ओढली.

ह्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "म्हणजे खोकंच चुकलं," हे म्हणाले आणि शीळ घालत खाली गेले. स्वतःचं खरं झालं की पुरुषांना किती आनंद होतो, असं मला वाटलं. भाऊजी खोक्याकडे बघत उभे होते.

"वहिनी, माझा तर बूट हलला," ते हळूच म्हणाले.

"मग बोलायचं होतंत."

"तुम्ही बोललात म्हणून मी बोललो."

आम्ही दोघं हसलो. ते हसणं मी अजून विसरले नाही.

मग खोक्याला नळी आली. नळी बसवली की खालचे सूर अजून खाली जातात म्हणे. लावला. "कसा वाटतो?" आठी. "कमीच." मग खोकं मोडून दुप्पट मोठं केलं, ते जिन्यातून वर नेताना भिंतीचा रंग गेला. आठी. "कमीच." मग आवाजाला जोर देणारा मोठा ॲम्प आला, त्याला पंखा होता. एकदा खोटं बोललं की दुसरं बोलायला जीभ आपोआप वळते. शिवाय मला वाटायचं, ह्यांना अजून हवाय तर असू दे, घर आपलं आहे.

पण भिंत एकट्याची नसते. एका संध्याकाळी शेजारचे मास्तर फुटलेल्या काचेची तसबीर छातीशी धरून दारात उभे राहिले. "आमची आई भिंतीवरून खाली आली," ते म्हणाले. "तीस वर्षं तिथेच होती, स्वतःहून आलेली दिसत नाही." मी माफी मागितली, नवी काच बसवून देते म्हटलं. वरून ह्यांनी ओरडून विचारलं, कोण आलंय? मास्तरांनी वर बघितलं आणि मला म्हणाले, "बाई, ह्यांचं ऐकणं एवढं बारीक, मग हे ह्यांना जास्त कसं वाटत नाही?"

मी तसबीर काच बसवायला ठेवून घेतली. घरात आल्यावर मात्र तो प्रश्न माझ्यामागे जिन्यापर्यंत आला.

कानाबद्दल शंका घ्यायला तशी जागाच नव्हती. माझ्या हातून पुढच्या खोलीत सुई पडली तर हे मागच्या खोलीतून सांगायचे, सुई पडली बघ. चिमण्यांचा आवाज, चमचा वाजलेला, दाराची कडी, सगळं ह्यांना माझ्या आधी ऐकू यायचं. असा माणूस बहिरा असतो का?

मग एका सकाळी पाण्याचा पंप चालू राहिला. टाकी भरून वाहत होती, पाणी मागच्या भिंतीवरून खाली येत होतं आणि पंप घूं घूं करत होता. हे त्या पंपाशेजारी, हातभर अंतरावर, शांतपणे वायर सोलत बसले होते. मी धावत आले. "अहो, पंप."

"काय पंपाचं?"

"चालू आहे."

ह्यांनी पंपाकडे बघितलं. मग हात पुढे केला आणि तळवा पंपाच्या अंगावर ठेवला. तापलाय का बघतात, असं मला आधी वाटलं. पण हात ठेवल्यावर त्यांचा चेहरा उतरला, ते मी बघितलं. ह्यांनी बटण बंद केलं आणि परत वायर सोलायला बसले.

ह्यांना बारीक आवाज सगळे येत होते. जाड आवाज येत नव्हते. सुई येत होती, पंप येत नव्हता.

मी तडक भाऊजींच्या कारखान्यात गेले. ते रंधा मारत होते. मी सांगितलं तसा रंधा थांबला. मग त्यांनी लाकडाच्या ढिगाऱ्यातून एक कागद काढला. हे बाहेर गेले असताना त्यांनी ह्यांच्याच हत्यारांच्या पेटीतला आवाज मोजायचा माइक काढून खोलीत ठेवला होता आणि आवाजाची रेघ छापून घेतली होती. हे तो माइक कधीच वापरत नाहीत. माइकला कान नसतो, भोक असतं, असं म्हणतात. कागदावरची रेघ डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, डोंगरासारखी वर गेली होती.

"किती जास्त आहे?" मी विचारलं.

"हॉलमध्ये लोक उठून जातील इतका." ते थांबले. "वहिनी, उठून गेलेतही. मागच्या हॉलला. आठवड्यानं त्यांनी दुसऱ्याला बोलावून सगळं उतरवून घेतलं. तिथला ऑपरेटर मला म्हणाला. दादाला कोणी सांगितलं नाही. पण धंद्यात कुजबुज सुरू आहे."

"आणि तुम्ही मला आज सांगताय."

"तुम्ही तरी पंपाचं आज सांगताय."

सोमवारी नवा हॉल होता. बाराशे खुर्च्यांचा. चार महिन्यांनी आलेलं पहिलं काम, आणि मालक ह्यांना वीस वर्षं ओळखणारा, म्हणून कुजबुज ऐकूनही त्याने ह्यांनाच बोलावलं होतं. ह्यांनी तिथे मधल्या रांगेत बसून वाढवा, वाढवा म्हटलं की लोक वाढवणार, कारण कानसेनांना नाही म्हणायची कोणाची छाती नाही. पहिल्याच खेळाला बाराशे माणसं कान धरून बाहेर येणार. तीस वर्षांचं नाव एका संध्याकाळी जाणार, आणि ते का गेलं हे ह्यांना सगळ्यांत शेवटी कळणार.

"तुम्ही भाऊ आहात, तुम्ही सांगा," मी म्हणाले.

"तुम्ही बायको आहात."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दोन उंदीर असले की तिसऱ्याची वाट बघतात. आमच्याकडे तिसरा नव्हता. शनिवारी दुपारी दोघांनी मिळून सांगायचं, असं ठरलं.

शनिवारी दुपारी वर गेलो तर हे आधीच कामाला लागले होते. खोक्याची मागची बाजू उघडी होती, आत मान घालून वायर जोडत होते. हातातला स्क्रू ड्रायव्हर बाजूला न ठेवताच बोलले, "आज हा जुळला पाहिजे. आज जो आकडा येईल त्याच अंदाजानं परवा हॉल बसवतो. चार महिने हात थंड पडलेत, जरा सराव होईल."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी भाऊजींकडे बघितलं.

हे उठले, मागची फळी घट्ट बसवली आणि ॲम्पचं बटण पिळलं. पूल कोसळला. माझे दात एकमेकांवर वाजले. छताच्या फळीतून बारीक धूळ पडली, ती उन्हाच्या पट्ट्यात तरंगत खाली आली. स्पीकरचा पडदा इतका पुढेमागे होत होता की जाळीचं कापड फुगत होतं. कुठेतरी जळल्याचा वास यायला लागला.

"दादा, कॉइल तापली," भाऊजी म्हणाले. "बंद कर."

ह्यांनी बंद केलं. मग सवयीने माझ्याकडे वळले. "कसा वाटतो?"

मी तोंड उघडलं. सांगते हो, काय काय ठरवून आले होते. अहो, ऐका, रागावू नका, इथपासून सगळं पाठ केलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "आपण एक गंमत करू या का?"

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, वहिनी पळाल्या.

"कसली गंमत?"

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा. आम्ही मागून सूर लावतो. नुसता एक जाड सूर. ऐकू आला की हात वर करायचा."

ह्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. माझी पाचावर धारण बसली. आता विचारणार, कशासाठी? आता पेटी फेकणार. पण हे म्हणाले, "बरं." लाकडी खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली. सपाता काढून बाजूला लावल्या आणि बसले.

मी ॲम्पजवळ बसले. भाऊजींनी चाळीस हर्ट्झचा, म्हणजे अगदी जाड, सूर काढून दिला, हॉलमध्ये ठेवतात तेवढ्या पातळीवर. बटणाचा आवाज होऊ नये म्हणून मी ते पदरात धरून दाबलं. खोलीत घूं भरला.

हात वर.

बंद केला. हात खाली. थोडं थांबले, परत लावला. हात लगेच वर. मी मुद्दाम बराच वेळ थांबले, भाऊजींशी काहीतरी बोलल्यासारखं केलं आणि एकदम लावला. हात वर. पाच वेळा लावला, पाचही वेळा बरोबर.

मला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. पंपाच्या वेळी लक्ष नसेल. मास्तरांची आई खिळा जुना झाल्यामुळे पडली असेल. मागच्या हॉलवाल्यांनाच काही कळत नसेल. सगळं जग चुकलं असेल, हे बरोबर होते. मी भाऊजींकडे बघितलं, म्हटलं हसा की आता.

भाऊजी हसत नव्हते. ते खाली बघत होते.

मी पण बघितलं. ह्यांचे दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकलेले होते. बोटं पसरलेली, फळ्यांवर दाबून धरलेली, इतकी की नखं पांढरी पडली होती.

मी उठले. अशा वेळी आपण काय करतोय हे आपल्याला कळत नाही, हात आपोआप चालतात. बाजूच्या खोलीतल्या खाटेवरची जाड गादी ओढून आणली. "उठा जरा," मी म्हणाले. हे उठले, मागे न बघता. मी गादी दुमडून जमिनीवर टाकली आणि वर खुर्ची ठेवली.

"आता बसा. आणि पाय वर घ्या."

हे बसले नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कानामागचे केस केव्हा इतके पांढरे झाले, ते मी कधी बघितलं नव्हतं. भाऊजींना वाटलं मी फार ताणतेय, त्यांनी हाताने मला नको अशी खूण केली. मला स्वतःचाच राग येत होता. वाटलं, गादी परत खाटेवर टाकावी, खाली जाऊन चहा टाकावा आणि सोमवारचं सोमवारी बघावं. झाकली मूठ झाकलेलीच बरी. पण परवा ती मूठ बाराशे माणसांसमोर उघडणार होती.

"अहो, बसा ना," मी म्हणाले. "मी आहे इथे."

हे बसले. आधी एक पाय वर घेतला, मग दुसरा. मांडी घातली, हात मांडीवर ठेवले.

मी सूर लावला.

हात मांडीवरच राहिला. मी वाट बघितली. खिडकीची काच बारीक वाजत होती. खिडकीत ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर गोल उमटत होते. त्या घूं आवाजात मला माझाच श्वास ऐकू येत नव्हता. मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत. ह्यांनी मान थोडी तिरकी केली, हॉलमध्ये करतात तशी, सगळा जीव कानात आणून. हात हलला नाही.

"लाव की," हे म्हणाले.

"लावलाय."

"केव्हापासून?"

"तुम्ही पाय वर घेतल्यापासून."

मी सूर बंद केला. काच वाजायची थांबली, तेव्हाही ह्यांना काही बदललेलं कळलं नसावं, कारण मान तशीच तिरकी होती. भाऊजींना राहवलं नाही. "दादा, बंद केलाय," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन जिन्यात उभे राहिले. त्यांच्या नाक ओढण्याचा आवाज आला. तो ह्यांनाही आला असणार, तो बारीक होता.

मग ह्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशी तुला ऐकू आला होता? पहिलं खोकं केलं तेव्हा?"

"हो."

"नीट?"

"पोटातलं जेवण हललं होतं."

"मग कमी आहे का म्हणालीस?"

"तुमच्या कपाळावर आठी होती."

हे खुर्चीतच माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं, ह्यांना राग येईल. राग असता तर बरं झालं असतं, रागाला मला उत्तर देता येतं.

"अगं, मला त्या दिवशी काहीच आलं नव्हतं," हे म्हणाले. "नुसती काच वाजल्यासारखी वाटली. मला वाटलं, कान गेला. डोळे उघडायची भीती वाटत होती. म्हणून तुला विचारलं. घरात दुसरे कान तुझेच होते ना. तू म्हणालीस कमी आहे, तोही म्हणाला कमी आहे. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, कान शाबूत आहे, खोकं चुकलंय. खोकं काय, दहा करता येतात."

शीळ घालत खाली गेले होते ते. मी त्यावर हसले होते.

"मग पुढे?" मी कसंबसं विचारलं.

"पुढे पायाला कळायला लागलं आणि कानाला नाही. पण दर वेळी तू कमीच म्हणायचीस. मग मी तुझ्यावर विश्वास ठेवायचो. ठेवायचा होता म्हणून ठेवायचो. पंपाच्या दिवसापासून तोही जमेना."

मी रडले. लपवत नाही. तीस वर्षं मी ह्यांचं ऐकलं असं सगळ्यांना सांगत आले, पण मी ऐकलं कधी? मी नुसता चेहरा बघितला. दोन महिने हा माणूस मला विचारत होता आणि मी त्याला त्याचाच चेहरा वाचून दाखवत होते. दुसरं कोणी असतं, शेजारचे मास्तर असते, तर पहिल्याच दिवशी सांगून मोकळे झाले असते. बायकोच्या प्रेमाचा हा उपयोग.

"भांडायचंस की माझ्याशी," हे म्हणाले. "पूर्वी भांडायचीस."

"दर वेळी तुमचंच खरं निघायचं."

"एकदा नसतं निघालं."

ह्यांनी फोन मागितला. मी दिला. नव्हता द्यायला पाहिजे असंही वाटून गेलं, उद्याचा दिवस होता अजून, विचार करायला वेळ होता. पण ह्यांनी नंबर लावलासुद्धा. हॉलच्या मालकाचा आवाज मला इथपर्यंत येत होता, फार खुशीत होता, परवाच्या जेवणाचं काहीतरी बोलत होता.

"ऐका," हे म्हणाले. "सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी बोलवा... नाही, तब्येत छान आहे. मला खालचे सूर ऐकू येत नाहीत... हो, दोन्ही कानांनी. आजच खात्री केली... मागचा हॉल ना? तो मीच बिघडवला. त्यांनाही फोन करतो... नाही हो, मशीन लावून मोजायचं तर मी कशाला लागतो? नाव सुचवतो, लिहून घ्या."

नाव सुचवलं. कोणाचं ते मला माहीत होतं. ज्याने मागचा हॉल मागाहून उतरवून दिला, त्याचं. ह्यांना ते कधी कळलं होतं, मी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर हे भाऊजींना हाक मारून म्हणाले, "सोमवारी मी मोकळा आहे. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ." भाऊजी जिन्यातूनच हो म्हणाले, त्यांना आत येता येत नव्हतं.

मला वाटलं, आता खाली जातील. पण ह्यांनी खुर्ची गादीवरून उचलली, मधल्या जागी आणून ठेवली आणि ॲम्पचं बटण हातात घेतलं. मला शेजारच्या खुर्चीत बसायला सांगितलं.

"पूल लावतो. माझ्याकडे बघू नकोस. डोळे मिट."

मी मिटले. पूल कोसळला, दात वाजले.

"कसा वाटतो?"

मला सवय नव्हती हो. मिटल्या डोळ्यांपुढे चेहरा नव्हता, आठी नव्हती, काही नव्हतं. नुसता आवाज होता, आणि त्याचं काय म्हणायचं ते मलाच ठरवायचं होतं.

"जास्त आहे," मी म्हणाले.

"किती?"

"फार जास्त. त्रास होतो."

त्यांनी उतरवला. परत लावला. "आता?"

"अजून जास्त."

"आता?"

"अजून थोडा."

किती वेळा पूल कोसळला, मोजलं नाही. एकदा ह्यांनी विचारलं, नक्की ना? मी म्हणाले, नक्की. आवाज आधी दातांतून गेला, मग छातीतून, मग पोटात खाली जाऊन बसला. काच वाजायची थांबली. दगड पडतात ते वेगळे, पाण्यात पडतात ते वेगळे ऐकू यायला लागले. शेवटची कमान हळूहळू खाली आली आणि तिचा घुमारा खोलीभर पसरून विरला. इतका सुंदर आवाज मी कुठल्याच हॉलमध्ये ऐकला नव्हता.

"आता बरोबर आहे," मी म्हणाले. "आता अगदी बरोबर आहे."

मी डोळे उघडले. ह्यांचे मिटलेले होते. पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर टेकवलेले, जमिनीपासून वर. मान तिरकी करून ऐकत होते. पडद्यावर पूल पुन्हा कोसळत होता, त्याचा घुमारा माझ्या अंगातून जात होता.

"चालू आहे ना?" ह्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.